गांधीजींना विचारून स्वतःचं राज्य रयतेला देऊन टाकणारा राजा: औंधच्या पंतप्रतिनिधींची गोष्ट

लोणंद स्टेशनवर कोल्हापूरकडे जाणारी गाडी पकडा आणि खिडकीजवळची जागा मिळवा. आदर्कीचा घाट चढून गाडी वाठार, सातारा, कोरेगाव करत रहिमतपूरला येते. पुढे कऱ्हाड. हे स्टेशन खरं तर कऱ्हाड गावात नाही, ओगलेवाडीत आहे. मग शेणोली, ताकारी आणि त्यानंतर किर्लोस्करवाडी.

या मार्गावरून शेकडो वेळा गेलेल्यांनाही एक गोष्ट सहसा माहीत नसते. ओगलेवाडी आणि किर्लोस्करवाडी ही दोन्ही नावं नकाशावर आली, त्यामागे एकच माणूस होता. रहिमतपूरला उतरून रस्त्याने पुढे गेलं की त्याचं गाव लागतं, औंध. (पुण्यातलं औंध नव्हे. हे खटाव तालुक्यातलं, यमाईचं औंध.)

लोणंद परिसरात राजघराणं म्हटलं की पहिलं नाव फलटणच्या नाईक निंबाळकरांचं येतं, आणि ते बरोबरच आहे. फलटणचे शेवटचे अधिपती मालोजीराजे संस्थान विलीन झाल्यावर मुंबई राज्यात मंत्री झाले. म्हणजे राजा आधी, राजकारणी नंतर. औंधच्या राजाचं मात्र उलटं झालं. त्याने गादीवर असतानाच, इंग्रज देशात असतानाच, कुणी जबरदस्ती केलेली नसताना राजसत्ता गावांच्या हवाली केली. साल होतं १९३९.

त्यांचं नाव भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी. लोक त्यांना बाळासाहेब म्हणत.

मुळात 'प्रतिनिधी' म्हणजे कोण?

घराण्याचं मूळ कोरेगावजवळच्या किन्हईचं. परशुराम त्रिंबक हा किन्हईचा कुलकर्णी घराण्यातला मुलगा. शिवाजी महाराजांच्या पश्चात मराठ्यांचं राज्य औरंगजेबाच्या फौजांनी घेरलेलं असताना तो पुढे आला. राजाराम महाराज जिंजीला गेले, तेव्हा राजाच्या गैरहजेरीत राजाच्या वतीने निर्णय घेणारा एक अधिकारी हवा होता. तिथून 'प्रतिनिधी' हे पद सुरू झालं. पहिले प्रतिनिधी प्रल्हाद निराजी. नंतर हे पद परशुराम त्रिंबक यांच्याकडे आलं आणि त्यांच्याच घरात राहिलं. महाराणी ताराबाईंच्या काळात मोगलांकडून किल्ले परत घेण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

त्यांचे चिरंजीव श्रीपतराव हे शाहू महाराजांच्या दरबारातले पहिल्या बाजीराव पेशव्यांचे विरोधक. बाजीरावांना उत्तरेत मोहिमा काढायच्या होत्या, श्रीपतरावांचं म्हणणं होतं आधी दक्षिण सांभाळा. कोणाचं म्हणणं चाललं ते आपल्याला माहीत आहे. पेशवे मोठे होत गेले, तसे प्रतिनिधी मागे पडत गेले.

पेशवाईच्या शेवटी तर दुसऱ्या बाजीरावाने सेनापती बापू गोखल्यांना प्रतिनिधींवरच पाठवलं. तेव्हा कोयनेच्या जंगलातला वासोटा किल्ला प्रतिनिधींच्या बाजूने ताई तेलीण नावाच्या बाईने लढवला. वासोट्याला ट्रेकला जाणाऱ्यांनी हे नाव ऐकलेलं असेल. तिच्यावर स्वतंत्र लेख होईल, इथे थांबतो.

१८४८ मध्ये इंग्रजांनी साताऱ्याचं राज्य खालसा केलं आणि त्याच्या छत्राखालच्या जहागिऱ्या थेट इंग्रजांच्या देखरेखीखाली आल्या. औंध त्यातलंच एक. सुमारे ५०० चौरस मैल, ७२ गावं. तीही सलग नाहीत. औंधचा तुकडा सातारा भागात, आटपाडी आणि कुंडल आजच्या सांगली जिल्ह्यात, आणि गुणदाळ पार विजापूरकडे. मध्ये मध्ये इंग्रजी मुलूख, नाही तर दुसऱ्या संस्थानांची गावं. तोफांची सलामी नाही, मोठा खजिना नाही. आटपाडी म्हणजे माणदेश, पाऊस नावालाच. थोडक्यात, हैदराबाद किंवा बडोद्यासारखं काही डोळ्यांसमोर आणू नका.

राजा की मुख्याध्यापक?

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते पदवीधर झाले. गादी मिळाली ती वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, १९०९ मध्ये, आणि तीही त्यांच्या पुतण्याला इंग्रजांनी पदच्युत केल्यावर. म्हणजे लहानपणापासून 'युवराज' म्हणून कौतुकात वाढलेला हा राजा नव्हता. मला वाटतं, पुढच्या अनेक गोष्टी त्यामुळेच शक्य झाल्या.

गादीवर आल्यावर त्यांनी केलेल्या कामांची यादी वाचली की हा माणूस झोपायचा कधी, असा प्रश्न पडतो. ते चित्रं काढत. कीर्तन करत, राजा असून स्वतः उभं राहून. रामायणावर त्यांनी स्वतःच्या चित्रांचं पुस्तक काढलं. अजिंठ्याच्या लेण्यांवर पुस्तक लिहिलं. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती करायला घेतली, तेव्हा या छोट्या संस्थानाच्या राजाने एक लाख रुपयांचं आश्वासन दिलं. १९३५ मध्ये इंदूरला झालेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

आणि सूर्यनमस्कार. आज जगभरच्या योगाच्या क्लासमध्ये 'सन सॅल्युटेशन' म्हणून जे चालतं, त्याच्या प्रसाराचा इतिहास सांगणारे अभ्यासक औंधच्या राजापाशी थांबतातच. गंमत म्हणजे बाळासाहेब आधी सँडो नावाच्या युरोपियन पहिलवानाच्या पद्धतीचा, डंबेल्सचा व्यायाम करायचे. मग मिरजेच्या संस्थानिकांमुळे सूर्यनमस्कारांकडे वळले आणि असे वळले की संस्थानातल्या शाळांमध्ये पोरांना रोज सूर्यनमस्कार घालावे लागू लागले. त्यावर त्यांनी पुस्तक लिहिलं. १९३८ मध्ये त्याची इंग्रजी आवृत्ती लंडनहून निघाली. घरात राण्यांनी, मुलांनी, सगळ्यांनी नमस्कार घालायचेच. त्यातून सुटका नव्हती.

औंधच्या शाळेत शिकलेल्या दोन मुलांची नावं सांगतो. एक साने गुरुजी, काही काळ. दुसरे ग. दि. माडगूळकर. गदिमा आटपाडीकडच्या शेटफळ्याचे. त्यांचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता किर्लोस्करवाडीबद्दल. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा कारखाना बेळगावला होता. तिथल्या नगरपालिकेने ती जागा खाली करायला लावली. लोखंडी नांगर बनवणाऱ्या माणसाला आता जावं कुठे हा प्रश्न. त्याच सुमारास लक्ष्मणराव औंधला यमाईच्या देवळासाठी सभामंडप उभारण्याच्या कामावर होते. बाळासाहेबांनी त्यांना सांगितलं, माझ्या संस्थानात या. कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळ दिला, सोबत भांडवलासाठी कर्जही दिलं. १९१० ची ही गोष्ट. निवडुंग आणि साप असलेल्या त्या माळावर कारखाना आणि वसाहत उभी राहिली आणि कुंडल रोड स्टेशनचं नाव पुढे किर्लोस्करवाडी झालं.

ओगले बंधूंचा काचेचा कारखानाही असाच, संस्थानाच्या हद्दीत, १९१६ मध्ये. घरी जुना 'प्रभाकर' कंदील असेल तर तो त्याच ओगल्यांचा.

बंगलोरहून आलेला पोलिश इंजिनियर

इथून गोष्टीला खरं वळण लागतं, आणि ते वळण देणारा माणूस बाळासाहेबांचा मुलगा.

अप्पासाहेब पंत. जन्म १९१२. ऑक्सफर्डला शिकले, बॅरिस्टर झाले आणि १९३७ च्या सुमारास परत आले. राजाचा मुलगा परदेशात शिकून आला की मोटारी आणि शिकार एवढंच करायचा, असा तो काळ. अप्पासाहेबांच्या डोक्यात मात्र वेगळंच होतं. त्यात त्यांची गाठ पडली मॉरिस फ्रीडमन यांच्याशी.

फ्रीडमन हे पोलंडचे ज्यू इंजिनियर. म्हैसूर संस्थानात, बंगलोरच्या विजेच्या सामानाच्या सरकारी कारखान्यात मोठ्या पदावर होते. पण राहणी फकिरासारखी. रमण महर्षींकडे जायचे, गांधीजींकडे जायचे, सूत कातायचे. भारतानंद हे त्यांचं भारतीय नाव. पुढे मुंबईत खेतवाडीत राहणाऱ्या निसर्गदत्त महाराजांची मराठीतली संभाषणं इंग्रजीत आणून जगापुढे ठेवणारे तेच. एकाच माणसाच्या आयुष्यात इतकं सगळं कसं मावतं, देव जाणे. हा माणूस औंधला आला.

काळ कोणता होता तेही पाहा. १९३८ साली देशभर संस्थानांमधली प्रजा पेटून उठली होती. राजकोटला सत्याग्रह सुरू होता, पुढे १९३९ मध्ये स्वतः गांधीजींना तिथे उपोषण करावं लागलं. आपल्या जवळच्या रामदुर्गात त्याच वर्षी मोठा हिंसाचार झाला. बहुतेक राजे एका हाताने पोलीस पाठवत होते आणि दुसऱ्या हाताने इंग्रज रेसिडेंटकडे मदत मागत होते.

त्या नोव्हेंबरात सत्तरीच्या बाळासाहेबांनी जाहीर केलं की संस्थानात जबाबदार राज्यपद्धती आणणार. म्हणजे मंत्री राजाला नव्हे, लोकांनी निवडलेल्या सभेला उत्तर देणार.

घोषणा झाली, पण राज्यघटना कोण लिहिणार? अप्पासाहेब आणि फ्रीडमन गेले थेट गांधीजींकडे.

गांधीजींनी काय अटी घातल्या?

गांधीजींना दिल्लीसारखं किंवा लंडनसारखं काही छोट्या आकारात करायचं नव्हतं. त्यांचं म्हणणं होतं, सुरुवात गावापासून करा. औंधची घटना म्हणूनच उलटी, म्हणजे खालून वर बांधली गेली. २१ जानेवारी १९३९ रोजी ती लागू झाली. तिचं काम साधारण असं चालायचं:

प्रत्येक गावाने पाच पंच निवडायचे. गावचा कारभार, गावातले तंटे, शाळा, पाणी, रस्ते पंचायतीकडे. गावच्या पंचायतींच्या प्रमुखांची मिळून तालुक्याची समिती. तालुक्यांच्या समित्यांनी आपल्यातून माणसं निवडून संस्थानाच्या विधिमंडळात पाठवायची. त्यातून मंत्री.

यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पैशाचं कलम. महसुलाचा मोठा वाटा गावं आणि तालुके यांच्याकडेच राहणार होता. आजही ग्रामपंचायतीचा सरपंच निधीसाठी आमदार, झेडपी, मंत्रालय असा फिरत असतो, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना या एका कलमाची किंमत वेगळी सांगायला नको.

राजासाठीही अटी होत्या. राजाने खर्चाला ठरावीक रक्कम घ्यायची, खजिना आपला समजायचा नाही. राहणी साधी ठेवायची. गांधीजींनी 'हरिजन'मध्ये या घटनेबद्दल लिहिलं, त्यामुळे खटाव तालुक्यातल्या गावाचं नाव देशभर पोचलं.

आणि एक अट अशी, जी आज वाचताना टोचते. मतदान प्रौढांना होतं, पण लिहितावाचता येणाऱ्यांनाच. गांधीजींनी यावर जोर दिला होता. मतासाठी तरी लोक अक्षरं शिकतील, असा विचार त्यामागे होता. संस्थानात प्रौढांचे वर्ग सुरू झाले, हे खरं. पण १९३९ च्या माणदेशात किती बायांना, किती दलित वस्त्यांमधल्या माणसांना वाचता येत असेल? ज्याला शाळेने आधीच बाहेर ठेवलं होतं, त्याला मतपेटीनेही थांब म्हटलं. पुढे स्वतंत्र भारताच्या घटनेने ही अट ठेवली नाही. त्या एका बाबतीत बाबासाहेबांची घटना औंधच्या पुढे होती, यात वाद नाही.

शिवाय इंग्रज होतेच. राजाने सत्ता खाली दिली, पण वरची सार्वभौम सत्ता सोडायला रेसिडेंट तयार नव्हता. राजाने असं काही करणं त्यांना फारसं आवडण्यासारखंही नव्हतं. औंधचं बघून उद्या शेजारच्या संस्थानातली रयत तेच मागणार.

मग हा सगळा देखावा होता का? असं म्हणता येत नाही, कारण गावांनी खरोखर कारभार केला. नऊ वर्षं केला. कोर्टात खेटे घालणारे तंटे गावात मिटवायचे, श्रमदानाने विहीर आणि शाळा उभी करायची, चुकायचं आणि पुन्हा बैठक बोलवायची. अप्पासाहेब आधी मंत्री होते, १९४४ पासून संस्थानाचे पंतप्रधान. पण त्यांचा वेळ औंधच्या वाड्यापेक्षा गावोगावच्या बैठकांमध्ये जास्त जायचा. या प्रयोगावर त्यांनी पुढे इंग्रजीत पुस्तक लिहिलं आणि त्यात वडिलांना 'आगळावेगळा राजा' म्हटलं. अभ्यासक इंदिरा रोदरमुंड यांनीही औंधच्या प्रयोगावर स्वतंत्र पुस्तक लिहिलंय.

भिंती नसलेला तुरुंग

फ्रीडमन यांच्या डोक्यातली एक कल्पना अशी: कैद्याला कोंडून तो सुधारत नाही, तर त्याला जमीन द्या, काम द्या, कुटुंब जवळ राहू द्या. आटपाडीजवळ त्यासाठी एक वसाहत उभारली गेली. भिंत नाही, बेड्या नाहीत. नाव ठेवलं स्वतंत्रपूर.

खुनाच्या शिक्षेतले कैदी तिथे शेती करायला लागले.

आता गदिमा आठवा. आटपाडीच्या मातीतला, औंधच्या शाळेत शिकलेला हा माणूस पुढे सिनेमासाठी लिहू लागला. सहा खुनी कैदी आणि त्यांच्यावर विश्वास टाकणारा जेलर, ही गोष्ट त्यांनी व्ही. शांतारामांना दिली. १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' आला आणि पुढच्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळालं. सिनेमा लाखोंनी पाहिला. त्यामागचं स्वतंत्रपूर मात्र सांगली जिल्ह्याबाहेर फार कमी लोकांना माहीत आहे. ती वसाहत अजून आहे, राज्याच्या तुरुंग खात्याकडे.

बेचाळीसची रात्र

१९४२ नंतर सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. त्याचा एक मोठा आधार होता कुंडल. जी. डी. बापू लाड कुंडलचेच. कुंडल औंध संस्थानात होतं आणि संस्थानाच्या हद्दीत इंग्रजांच्या पोलिसांना मनाला येईल तसं घुसता येत नसे. तुकड्यातुकड्यांत विखुरलेल्या संस्थानाचा असाही उपयोग झाला. भूमिगतांनी इकडचा मुलूख ओलांडायचा आणि तिकडच्या गावात नाहीसं व्हायचं. राजा आणि अप्पासाहेब यांची सहानुभूती कुठे होती, हे लपून राहिलेलं नव्हतं. सुरुवातीला सांगितलेलं शेणोली स्टेशन आठवतंय? १९४३ मध्ये तिथेच प्रतिसरकारच्या तुफान सेनेने पगाराचे पैसे घेऊन जाणारी गाडी अडवली होती.

आणि मग १९४८

स्वातंत्र्य आलं आणि आता छोट्या संस्थानांचं काय करायचं हा प्रश्न आला. दक्षिणेतल्या काही संस्थानिकांनी एकत्र येऊन संयुक्त संस्थान करायचा प्रयत्न केला. औंधही त्यात होतं. ते टिकलं नाही. ८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई प्रांतात विलीन झालं.

त्याआधीचे पाच आठवडे सोपे नव्हते. ३० जानेवारीला गांधीजींचा खून झाला. खुनी ब्राह्मण, म्हणून सातारा-सांगली पट्ट्यात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. किर्लोस्करवाडीच्या कारखान्याला आगी लागल्या. वेदांचे अभ्यासक पंडित सातवळेकर तीसेक वर्षं औंधला राहून काम करत होते, त्यांनीही त्याच वर्षी औंध सोडलं आणि गुजरातेत पारडीला गेले. ज्या ब्राह्मण राजघराण्याने गांधीजींचं म्हणणं देशात सगळ्यात आधी अमलात आणलं, त्यांच्या मुलखात हे घडलं. या पट्ट्यातल्या अनेक घरांत त्या दिवसांबद्दल अजूनही मोठ्याने बोलत नाहीत.

विलीनीकरणावर एक सरळ प्रश्न विचारायला हवा. राजाची सत्ता गेली म्हणून रडायचं कारण नव्हतं, राजाने ती आधीच सोडली होती. गेलं ते गावाचं. नऊ वर्षं जी पंचायत स्वतःचा महसूल वापरत होती, ती आता मुंबईच्या सचिवालयातून येणाऱ्या हुकमांची वाट पाहू लागली. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या १९६२ मध्ये. पंचायतींना देशाच्या घटनेत पक्की जागा मिळाली ती ७३ व्या घटनादुरुस्तीने, १९९३ पासून. म्हणजे आटपाडीच्या शेतकऱ्याने १९३९ मध्ये जे पाहिलं होतं, त्यातलं थोडंफार त्याच्या नातवाला पुन्हा दिसलं.

अर्थात दुसरी बाजूही आहे. ७२ गावांचं तुकड्यांमधलं संस्थान धरण बांधू शकत नाही, विद्यापीठ काढू शकत नाही. माणदेशाचा दुष्काळ औंधच्या खजिन्याने हटणारा नव्हता. विलीन व्हायलाच हवं होतं. फक्त विलीन होताना तो एक कायदा जपून ठेवता आला असता, असं मला वाटतं.

बाळासाहेब १३ एप्रिल १९५१ ला गेले.

पुढची पिढी कुठे गेली?

अप्पासाहेबांना नेहरूंनी १९४८ मध्येच नैरोबीला पाठवलं, पूर्व आफ्रिकेतले भारताचे आयुक्त म्हणून. तिथे इंग्रजांची वसाहत होती आणि केनियाचे स्वातंत्र्यवादी नेते त्यांच्या घरी येऊ-जाऊ लागले. औंधात प्रतिसरकारला जे मिळालं, तेच नैरोबीत केनियाच्या लोकांना मिळालं म्हणा ना. इंग्रज सरकार वैतागलं आणि १९५४ मध्ये अप्पासाहेबांची तिथली कारकीर्द संपली. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली. मग सिक्कीम. १९५८ मध्ये नेहरू डोंगरवाटांनी भूतानला गेले, तेव्हा गंगटोकला भारताचे राजकीय अधिकारी अप्पासाहेबच होते. पुढे इंडोनेशिया, इजिप्त, आणि बांगलादेश युद्धाच्या वेळी लंडनमध्ये उच्चायुक्त. जिथे जातील तिथे रोज सूर्यनमस्कार, ते मात्र सुटले नाहीत. १९९२ मध्ये ते वारले.

त्यांच्या पत्नी नलिनीदेवी डॉक्टर होत्या. मुलगी अदिती पंत समुद्रशास्त्रज्ञ झाल्या. १९८३ च्या डिसेंबरात भारताची तिसरी मोहीम अंटार्क्टिकाला निघाली, तेव्हा त्यात भूगर्भशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता आणि अदिती पंत या दोघी होत्या. अंटार्क्टिकावर पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये औंधच्या राजाची नात आहे, हे औंधच्या शाळेतल्या पोरींना तरी रोज सांगायला हवं.

औंधला जायचं असेल तर

रहिमतपूर स्टेशनवरून किंवा साताऱ्याहून एसटीने जाता येतं. गावाच्या वर मूळपीठाची टेकडी आहे, तिथे यमाईचं देऊळ. चढणीवरच बाळासाहेबांनी उभारलेलं भवानी संग्रहालय लागतं, १९३८ चं. म्हणजे ज्या वर्षी राज्य सोडायची घोषणा केली, त्याच वर्षीचं. त्यात राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत आणि हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराने घडवलेली आई आणि मूल ही मूर्तीसुद्धा. मूरची शिल्पं बघायला लोक लंडनला तिकीट काढून जातात. इथे खाली एसटीची वाट बघता बघता ती बघून होते.

ऑक्टोबरच्या आसपास गेलात तर औंध संगीत महोत्सवाची तारीख आधी विचारून घ्या. १९४० पासून तो सुरू आहे. गायक-व्हायोलिनवादक गजाननबुवा जोशी यांनी सुरू केलेला. त्यांचे वडील अंतूबुवा औंध दरबारचे गायक.

आणि परत येताना रात्रीची गाडी टाळा. दिवसा आलात तर किर्लोस्करवाडी आणि कऱ्हाड-ओगलेवाडीच्या पाट्या दिसतील.